सुमनवयनी आणि माझं पोट

आमच्या आळीतली सुमनवयनी माणसाला नावाने कमी आणि छातीच्या मापाने जास्त ओळखते. भाजीवाला तिच्या लेखी छत्तीस. गॅसवाला चव्वेचाळीस, आणि वर खांदे उतरते. माझी बायको हिरा गेली, तेव्हा दहाव्याला सगळे माझी समजूत घालायला आले. ही आली, गळ्यातली टेप काढली आणि माझ्या छातीभोवती गुंडाळली.

"हात खाली, भावजी. अडतीस."

माझ्याच दाराच्या मागे खडूने ३८ लिहून गेली. मला राग आला. पण तेवढा वेळ रडायचा थांबलो, हे खरं.

मी चौथी शिकलेला. आयुष्य मिठागरात गेलं. वयनीचा नवराही माझ्याबरोबर मिठावर होता, तो आधीच गेला. मुलगा रोह्याला कंपनीत आहे, आईला तिकडेच राहा म्हणतो. ही दोन दिवस राहते आणि परत पेणला येते. का, ते मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

सगळा जन्म तिने ब्लाउज शिवले. मग मोबाईलवर कोणी बाई बनियनच्या कापडाचे टॉप शिवताना बघितली आणि बिघडली. हे कापड ताणतं. कापलं की कडा गुंडाळतात, साध्या सुईने टाके सुटतात, गळ्याची पट्टी भाजलेल्या पापडासारखी वाकडी होते. वयनी म्हणायची, "ब्लाउज माणसाला धरून ठेवतो. ह्यो अंगाबरोबर यायला पाहिजे."

आळीतल्या बायका हुशार, तिची टेप दिसली की दारं लावायच्या. मी म्हातारा, मला पळता येत नाही. म्हणून टॉप माझे.

पहिल्या टॉपला तिने कापड आडवं लावायचं ते उभं लावलं. गळा ताणेना. माझं डोकं अर्ध्यात अडकलं आणि नेमका गॅसवाला आला. मी आतूनच सांगितलं, तिकडे ठेव. त्याने सही कोण करतंय विचारलं. सही वयनीने केली, आणि मग ती नि चव्वेचाळीस, दोघांनी मिळून मला बाहेर ओढलं. एक कान आठ दिवस लाल होता.

दुसरा टॉप सैल झाला. तिसराही सैल. वयनीने सुई बदलली, दोरा बदलला, त्या मोबाईलवाल्या बाईला शिव्या घातल्या. चूक बाईची नव्हती. टॉप शिवून होईपर्यंत मीच बारीक होत होतो. हिरा गेल्यापासून मला जेवण जात नव्हतं. चहाबरोबर बटर खायचो, तेही आठवलं तर. एकदा वयनी दारामागचे आकडे वाचत उभी राहिली. ३८ खाली ३७, त्याखाली ३६. मग मला म्हणाली, "तुमच्यावर काम होणार नाय. तुम्ही टिकत नाय."

आणि सरळ सदूच्या कारखान्यात गेली. आमच्या आळीत गणपती बनतात. सदूला तिने माझे खांदे, छाती, पाठीची उंची सगळं सांगितलं आणि या मापाचा पुतळा कर म्हणाली. डोकं नको, हात नको. पोटाचं माप सांगायची तेवढी विसरली. सदूच्या हाताने आजवर एकाच तऱ्हेचं पोट केलेलं. आठ दिवसांनी पुतळा आला तो खांद्याला मी, आणि छातीखाली गणपती. वर पोटाला नागही बांधला होता.

वयनीने जाब विचारला तर सदू म्हणाला, "पोटाशिवाय मूर्ती उपाशी दिसते, वयनी."

यावर ती भांडेल असं मला वाटलं. तिने आधी पुतळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शिलाई पक्की करायचं मशीन तिच्या मुलाच्या घरी. म्हणून पुतळा तांबड्या फडक्यात गुंडाळून आम्ही रोह्याच्या गाडीत बसलो. वाटेत फडकं सरकलं. निडी स्टेशनला एक बाई चढली, तिने पोट बघितलं, नाग बघितला, केसातलं जास्वंदीचं फूल काढून वाहिलं आणि डोकं टेकलं.

मी म्हटलं, "बाये, ह्यो देव नाय. ह्यो मी हाय."

तिने माझ्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे बघितलं आणि परत पुतळ्याच्या पाया पडली. पाय नव्हते, तरी पडली.

टॉप झाला झकास. गळा सपाट, बाह्या सरळ. मी घातला तर वाऱ्यावर वाळत टाकल्यासारखा दिसला. म्हटलं, सदूला सांगून पोट तासून घे. वयनी म्हणाली, "पोट ऱ्हाऊ दे. तुम्ही तिथपर्यंत या."

टॉप तिने स्वतःकडेच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी डबा यायला लागला. तांदळाची भाकरी, सुका जवळा, वालाचं बिरडं. खोटं कशाला लिहू, अर्धा डबा मांजर खायची. मांजरीला पोट आलं. दारामागे ३५ झाले.

एका दुपारी डबा परत द्यायला मीच तिच्या घरी गेलो. दार उघडं होतं. वयनी जेवत होती. समोर खुर्चीवर पुतळा, अंगात माझा टॉप. ती त्याला सांगत होती की सुनेचा फोन आला होता, रोह्याला ये म्हणते, पण तिकडे दुपारी घरात कोण नसतं. मग म्हणाली, "मीठ जास्त झालंय म्हण की. हिरा पहिल्या घासाला म्हणायची."

मी मिठावर असायचो, तेव्हा या दोघी रोज दुपारी एकत्र जेवत. किती वर्षं, देव जाणे. हिरा मला कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला वाटत होतं, हिरा फक्त माझ्याच घरातून गेली.

मी चप्पल काढली. पुतळ्याला उचलून कोपऱ्यात ठेवलं. जड होता मेला. त्याच्या खुर्चीवर बसलो. वयनीने ताट वाढलं.

पहिला घास घेतला. मीठ बरोबर होतं. मिठातच माझी हाडं झिजली, मला कळतं.

म्हटलं, "वयनी, मीठ जास्त झालंय."

तिने मग भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"मंग भात घ्या अजून," ती म्हणाली.