जेवताना उलटीचं विचारणारे वामनकाका

मागच्या रविवारी दुपारी दीड वाजता, आमच्या वस्तीतल्या एका बारशाच्या पंगतीतून वामनकाकांना दंडाला धरून बाहेर काढलं. गुन्हा काय? हातात रश्श्याची बादली घेऊन त्यांनी एका पाहुण्याला विचारलं, "फल्लीदाणा खाल्ल्यावर तुले उलटी होते का गा? पोटात पीळ? जुलाब?"

पाहुण्याच्या तोंडात घास. "काका, जेवू द्या ना! हागण्या-ओकण्याच्या गोष्टी काहून काढून राहिले?"

"खाल्ल्यावर किती मिनिटांनी होते? मापात सांग."

"मापात सांग" हे काकांचं पालुपद. गांधीबागेच्या कापडबाजारात तीस वर्षं कापड मोजलेला माणूस. वस्तीत कुठेही पंगत असो, काका वाढायला हजर, आणि प्रत्येक ताटापुढे ही चौकशी. पोरं त्यांना 'उलटीवाले काका' म्हणतात. मला हसू येत नाही. मी आधीचे काका पाहिलेत.

आग्रह करावा तर त्यांनीच. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढायचे. त्यांची मुलगी प्रज्ञा लहानपणापासून सांगायची, "बाबा, मले शेंगदाणे सोसत नाहीत, पोटात कळा येतात." काका म्हणायचे, "नखरे!" तिच्या साखरपुड्याला त्यांनी दाण्याचं कूट घातलेली भाजी तिला स्वतःच्या हाताने भरवली. दहा मिनिटांत ती ओकली, पोट धरून वाकडी झाली. आम्ही शहाण्यांनी काय केलं? अपचन म्हणून ओवा दिला. तो मीच आणला होता. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. वाचली, एवढंच.

आता काकांच्या घरात दाणा शिरत नाही. भांडीसुद्धा नवी घेतली. प्रज्ञा महिन्यातून एकदा येते, स्वतःचा डबा घेऊन. परवा मी तिथेच होते. काकांनी तिच्यासाठी वांग्याची भाजी करून झाकून ठेवली होती. तिने डबा उघडला. काकांनी भाजीवरचं झाकण काढलंच नाही. ती हात धुवायला उठली तेव्हा मी म्हटलं, "काका, सांगा ना तिला, भाजीत दाणे नाहीत म्हणून."

"नाही वं," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं तर तिले नाही म्हणता येणार नाही. भेत भेत खाईन बिचारी."

ती गेल्यावर ती भाजी त्यांनी एकट्याने खाल्ली.

तुमच्याही घरात कुणीतरी "मला हे सोसत नाही" म्हणत असेल. तिचं आज ऐका. दुसऱ्यांदा सांगायची पाळी तिच्यावर आणू नका.