मयेकर सिस्टरांचा बुधवार

मयेकर सिस्टर रोग्याची नाडी हातात घेत आणि आधी त्याला झापत. औषध नंतर. "आठ दिवस ताप आहे आणि आज उगवलास? ताप काय पाहुणा आहे, आपणहून जायला?" माणसं निमूट ऐकून घेत. एका म्हातारीला तर त्याशिवाय गुणच येत नसे. गोळ्या पदरात बांधून ती बसून राहायची. "बाय, मला बोललीस नाय गो आज!"

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी नुकताच डॉक्टर होऊन रत्नागिरीतल्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर लागलो होतो. फिरता दवाखाना म्हणजे जुनी जीप, मागे औषधांच्या पेट्या आणि सिस्टर. मांडवीच्या, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. राजापूरच्या बाजूच्या गावांत मला 'मयेकरबाईंबरोबर येतो तो' म्हणून ओळखत.

सिस्टरांना राग कशाचाही येई. रस्त्याचा, बांधकाम खात्याचा, मुंबईला जाऊन बसलेल्या नवऱ्यांचा, माझ्या अक्षराचा. "डोकं सणकतं माझं!" हे दिवसातून दहादा. आमचा ड्रायव्हर बाबू म्हणायचा, "डॉक्टर, जीप डिझेलवर चालता, बाई रागावर."

बुधवारी आमची गाडी वरच्या वाडीखालच्या वळणावर थांबे. वाडी वर सड्याच्या कातळपठारावर, तासाभराच्या चढणीवर. गाडी वर जात नसे. मी खाली वडाच्या सावलीत तपासत बसे. येणारे चार-पाच. वर्षभराने संस्थेच्या चिटणीसांनी आकडे पाहिले आणि तो थांबा बंद करायचं ठरवलं. "तिथे गरजच दिसत नाही."

हे ऐकून सिस्टर ऑफिसात शिरल्या. मी मागे उभा होतो. "साहेब, ज्यांना चालता येतं ते खाली येतात. गाडी काढलीत ती कुणासाठी? धडधाकटांसाठी?"

"सिस्टर, नियम असा आहे की..."

"नियम वर चढून बघायचा. येत्या बुधवारी चला."

चिटणीस आले. पांढरी पँट, नवे बूट. निम्म्या चढणीवर ते धापा टाकत दगडावर टेकले, तेव्हा सिस्टरांनी त्यांची नाडी धरली. "शंभराच्या वर गेली. आता नवव्या महिन्यातली बाई इथून कशी उतरवायची, तेवढं सांगा." मला हसू आलं. लगेच माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय हसताय डॉक्टर? वर्षभर खाली सावलीत बसलात ना?"

माझं हसू तिथेच गेलं. खरंच, वर्षभरात मी एकदाही वर गेलो नव्हतो.

वर एका घराच्या पडवीत सगुणा नावाची बाई पडून होती. आठवा संपत आलेला, पाय सुजून खांबासारखे, डोळ्यांपुढे अंधारी. मी रक्तदाब पाहिला, पट्टा सोडून पुन्हा पाहिला; तितकाच भयंकर चढलेला. सासरा म्हणाला, "चार बुधवार झाले, उतरायला जमला नाय तिला." सिस्टरांनी तोंड उघडलं, पण ओरडल्या चिटणीसांवर. "ऐकलंत? चार बुधवार! ही तुमच्या आकड्यात होती का?"

वाडीतले जवान सगळे मुंबईला. खुर्ची बांबूला बांधली. पुढे बाबू आणि सासरा, मागे मी आणि चिटणीस. नवे बूट घसरायला लागले तसे त्यांनी काढून टाकले आणि अनवाणी चालले. सिस्टर बाजूने चालत ओरडत होत्या, "हळू! आंब्याची पेटी नाही ती!" मधूनच सगुणाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होत्या.

दुपारी सगुणाला रत्नागिरीच्या इस्पितळात पोचवलं. पहाटे ती बाळंत झाली. ती वाचली. मुलगी मेलेलीच जन्मली.

सकाळी चिटणीस इस्पितळात आले ते कागद घेऊन. वरच्या वाडीचा थांबा कायम, डॉक्टरांनी दर बुधवारी वर जायचं. स्वतःच्या हाताने लिहिला होता. सिस्टरांनी तो दोनदा वाचला. "हा कागद महिन्यापूर्वी लिहायला काय झालं होतं तुम्हाला?" प्रश्न मलाही होता.

सगुणाच्या नवऱ्याला तार केली होती, पण तो दुसऱ्या दिवशीशिवाय पोचणार नव्हता, आणि सासरा कोपऱ्यात सुन्न बसला होता. वॉर्डबॉय बाळाला न्यायला आला. आईला दाखवायचं नाही, अशी तिथली पद्धत. सिस्टर त्याच्या आडव्या आल्या. "तिचं आहे ते. दे इकडे." मग बाळाला पुसून, स्वतःच्या धुवट पातळाच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी सगुणाच्या कुशीत ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.

अर्ध्या तासाने बाळाला पुरायला घेऊन त्या स्वतःच निघाल्या. चार पावलं मागे सासरा, त्याच्या मागे मी.

परत आल्यावर नळाखाली त्यांनी बराच वेळ हात धुतले. मग सगुणाजवळ बसल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सांगितलं गो तिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुझ्या आईला उठता येत नाही, म्हणून मी आले."