बारापैकी बारा

सफाईला नव्याने लागलेल्या मावशी पहिल्याच सकाळी प्रयोगशाळेच्या दारात नाक दाबून थबकल्या.

"अगं बाई! काय मेलंय इथे?"

"काही नाही मेलं, मावशी," धाकटी म्हणाली. प्रयोगशाळेत माणसं दोनच, प्रमुख बाई आणि त्यांची ही मदतनीस, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत. "सडक्या अंड्यांसारखा वास आहे ना? त्या वासाच्या वायूवरच आमचं काम चालतं. शरीरातली काही एन्झाइमं तो तयार करतात. तुमच्याही शरीरात होतो."

"माझ्या?" मावशींचे डोळे कपाळात गेले. "मी दोन वेळा अंघोळ करते हो!"

"अहो, अगदी थोडा होतो आणि तेवढा लागतोच. रक्तवाहिन्या सैल राहतात, हृदयाला आधार मिळतो. पण कर्करोगाच्या काही गाठींत हीच एन्झाइमं माजतात आणि गाठ त्या वायूवर पोसते. त्यांना गप्प करणारं औषध बाई शोधतायत."

"आणि तुम्हाला हा वास सहन होतो?"

"येतच नाही आता. नाकं मेली आमची."

काम समजायला सोपं होतं. मोठ्या उबदार कपाटात बारा चंबू होते. प्रत्येकात गाठीच्या पेशी आणि बाईंनी बनवलेलं एकेक निराळं औषध. संध्याकाळी धाकटी प्रत्येक बुचाखाली रसायन लावलेली एक पांढरी पट्टी अडकवून जायची. वायू लागला की पट्टी काळी पडायची. सकाळी दहाला कपाट उघडायचं आणि पट्ट्या बघायच्या. सहा वर्षं बाईंनी औषधं बदलली, पट्ट्या मात्र दर सकाळी काळ्याकुट्ट. शेवटी संस्थेने कळवलं की महिनाअखेर काही दिसलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. हे बारा चंबू म्हणजे बाईंची शेवटची आशा होती.

मावशी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटी किंचाळली, "बाई! पळत या!"

बाई पळत आल्या. पहिली पट्टी पांढरी. दुसरी पांढरी. बाराव्या पट्टीपर्यंत पोचता पोचता बाई मागे न बघता खुर्चीवर टेकायला गेल्या. खुर्ची तिथे नव्हती.

"लागलं का हो?"

"लागू दे! चिमटा काढ आधी मला!"

"पण बाई, बाराच्या बारा? एखादं तरी फसायला हवं होतं."

"शुभ बोल की गं जरा!"

तरी बाई काही खुळ्या नव्हत्या. औषध न घातलेला एक चंबू त्यांच्या खोलीत, कुलपात असायचा. त्याची पट्टी पाहिली तर काळी ठिक्कर. म्हणजे पट्ट्या ठीक, पेशी ठीक, औषधंच कामाला आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी बाईंनी संस्थेला पत्र धाडलं, "बारापैकी बारा यशस्वी." मग थोरल्या भावाला फोन केला. "दादा, बहीण अंडी नासवते म्हणून गावभर सांगत होतास ना? आता पेढे... नाही, आधी माफी माग!" आणि फोन ठेवून हमसाहमशी रडल्या. सहा वर्षांचं साठलेलं होतं सगळं.

संस्थेने उत्तरादाखल माणूसच पाठवला. तपासनीस सकाळी दहाच्या ठोक्याला हजर झाले. हसू नाही, चहा नको, खिशात एक बंद लिफाफा. मावशी नेमक्या त्याच दिवशी दाढ काढायला गेल्या होत्या आणि उशिरा येणार होत्या.

"बघा," म्हणत बाईंनी ऐटीत कपाट उघडलं.

पहिली पट्टी काळी होती. दुसरीही काळी. तिसरी दिसली मात्र, बाईंनी धाडकन दार लावलं आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"काल पांढऱ्या होत्या?" तपासनीसांनी विचारलं.

"देवाशपथ होत्या!"

"आज मी आलो आणि काळ्या झाल्या?"

धाकटी भिंतीला चिकटून उभी होती. तपासनीसांनी खिशातून लिफाफा काढला आणि तेवढ्यात दारातून मावशी आत आल्या, सुजलेला गाल धरून. कपाटाशी जमलेली मंडळी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे देवा! आज पट्ट्या बदलायच्या राहिल्या!"

"काय राहिलं?" तिघांच्या तोंडून एकदम निघालं.

"पट्ट्या हो. मी येते आठला. बघते तर काय, एकेक पट्टी काळी मिट्ट! आधी दवाखान्यात होते मी. तिथे काळा डाग दिसला की रजा कापायचे. म्हटलं, बाई यायच्या आत स्वच्छ करावं. कोरा कागद कापून रोज नवीन लावत होते. हातमोजे घालून हं!"

"रोज?" बाईंचा आवाज चिरकला. "इतके दिवस? अहो मावशी, माझं वाटोळं केलंत की हो! तोंड काळं झालं माझं!"

मावशी घाबरल्या. "पण टाकलं नाही काही! दवाखान्याचा नियमच होता, काढलेली पट्टी विचारल्याशिवाय टाकायची नाही. सगळ्या ठेवल्यात, तारीख आणि नंबर घालून."

त्यांनी झाडूमागून बिस्किटांचा डबा आणला. आत काळ्या पट्ट्यांच्या जुड्या होत्या, रबर लावून नीट बांधलेल्या. धाकटी मान खाली घालून जुड्या क्रमाने लावू लागली. एक, दोन, तीन... सहा, आठ... तिचा हात थांबला.

"मावशी, सात नंबरच्या कुठे आहेत?"

"सात? ती कधी बदललीच नाही मी. ती पांढरीच असायची ना रोज."

बाईंनी कपाट पुन्हा उघडलं. अकरा पट्ट्या काळ्या आणि मधोमध सातवी, आदल्या संध्याकाळी धाकटीने लावली तशी पांढरीशुभ्र.

"पेशी मेल्या असतील त्यातल्या," तपासनीस म्हणाले.

धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावला. "जिवंत आहेत, बाई," ती म्हणाली. "फक्त वायू बंद आहे."

बाई पुन्हा खाली बसल्या. या वेळी मावशींनी चपळाईने खुर्ची सरकवली.

तपासनीसांनी हातातला लिफाफा दोनदा उलटसुलट केला. "यात काय आहे माहीत आहे? प्रयोगशाळा बंद करण्याचं पत्र. तीस वर्षांत बारापैकी बारा मी कधी पाहिले नाहीत. तुमचं पत्र वाचलं आणि म्हटलं, ही सरळसरळ बनवाबनवी आहे. बारापैकी एक म्हणाला असतात तर विश्वास ठेवला असता." त्यांनी लिफाफा फाडला आणि तुकडे मावशींच्या केराच्या सुपलीत टाकले. "हे टाकलं तर चालेल ना? की यावरही तारीख घालताय?"

बाईंनी डोळे पुसले. "मावशी, उद्यापासून त्या कपाटाला हात लावायचा नाही."

"नाही लावत," मावशी गाल दाबत म्हणाल्या. "पण त्या बाकीच्या अकरा जणांना जरा दटावा. एकाच खोलीत राहतात, सातकडून काही शिकू नये म्हणजे काय!"