खिळेवाले टायर आणि एक बादली पाणी

राजसने ठरवलं, या हिवाळ्यात सायकलला चांगले टायर घ्यायचे. बस, एवढंच. बिचाऱ्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

पण राजस दुकानात जाऊन टायर घेऊन येणाऱ्यांतला नव्हता, तो टायरचा अभ्यास करणाऱ्यांतला होता. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या एका चिप कंपनीत त्याचं कामच हे, की वस्तू का मोडली ते शोधून काढायचं. (वस्तू मोडूच नये हे बघणारं डिपार्टमेंट वेगळं होतं. त्यांच्याशी याचं पटत नसे.)

अभ्यास तसा गेल्या हिवाळ्यातही केला होता. तो चालू असतानाच त्याची बायको अवनी गुळगुळीत टायरवरून वाल नदीच्या पुलावर घसरली आणि तिने डावं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी राजस उत्साहाने म्हणाला, "शॉर्टलिस्ट तीनवर आणलीय." अवनी भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. नुसती चहाचा कप डाव्या हाताने उचलायची, अर्ध्यावर थांबायची आणि उजव्या हातात घ्यायची. राजसला तो चहा वर्षभर गोड लागला नाही.

त्याला एकच गोष्ट परत हवी होती. "राजस म्हणतोय ना, मग झालं," हे वाक्य, अवनीच्या तोंडून. लग्नानंतर ती म्हणायची. (एकदा म्हणाली होती. फ्रीज घेताना.)

त्याच फ्रीजमध्ये या वर्षी अभ्यासाला सुरुवात झाली. राजसची आई कुमुदिनीबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एके सकाळी फ्रीजरमधून खोबरं काढायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"राजस, अरे नारळाच्या पिशवीखाली हे काय वेटोळं घालून बसलंय?"

"टायर आहे आई. थंडीत रबर किती कडक होतं ते बघतोय."

"बघून झालं असेल तर काढ. चटणीला पंक्चरच्या दुकानाचा वास मारतोय."

शेवटी निवड झाली. खिळेवाले टायर. जिथे सहा-सहा महिने बर्फ हलत नाही तिथले लोक वापरतात ते. रबरात शेकडो बारीक पोलादी खिळे, बर्फात रुतून बसणारे. राजसने एक जोडी आणली आणि अवनीला म्हणाला, "आधी माझ्या सायकलवर टेस्ट करतो. पास झाले की तुझ्यासाठी."

"कर," अवनी म्हणाली. नवरा असा टेस्टला लागला की तिला बाकीची कामं उरकता यायची.

त्यानंतर त्या वर्षी बर्फ पडलाच नाही.

पाऊस पडला. रोज पडला. रस्ते ओले, काळे आणि साफ. त्यावरून राजस खिळे वाजवत ऑफिसला जायचा. कढईत मोहरी तडतडायला लागावी आणि थांबूच नये, तसा आवाज. कालव्यातली बदकं उडून जायची. पुढचे सायकलवाले आपणहून बाजूला व्हायचे, मागून काहीतरी सरकारी येतंय असं समजून. एका बाईंनी त्याला थांबवून प्रेमाने सांगितलं की तुझ्या सायकलचं काहीतरी मोडलंय.

शेजारचे हेंककाका तर रोज दारात उभे राहून विचारायचे, "राजस, बर्फ कुठे सापडला रे? मलाही ने!" यात चेष्टा होती तेवढंच दुःखही होतं. हेंककाकांचे बर्फावरचे स्केट्स कित्येक वर्षं शेडमध्ये टांगलेले होते. दर डिसेंबरात ते त्यांना धार लावायचे आणि दर मार्चमध्ये सुस्कारा सोडून परत टांगायचे.

जानेवारीत अवनीला नोकरी लागली. इथे आल्यापासून ती जिची वाट बघत होती तसली, पुलापलीकडच्या ऑफिसात. सोमवार पहिला दिवस. पूल तोच.

"मी सोबत येतो, थेट ऑफिसपर्यंत," राजस म्हणाला.

"ये. पण पहिल्याच दिवशी ती मोहरी नको."

झालं. रविवारी संध्याकाळी राजसने खिळेवाले टायर काढले, शेडमध्ये ठेवले आणि दोन्ही सायकलींना साधे नवे टायर बसवले. टायर काढताना त्याला आपल्याच मुलाला हॉस्टेलवर सोडल्यासारखं झालं. मग हात धुऊन तो अवनीसमोर उभा राहिला.

"उद्या जाम थंडी आहे. पण खेमेंतेची, म्हणजे आपल्या म्युनिसिपालिटीची, मिठाची गाडी सगळीकडे मीठ टाकणारे. मी अख्खा रूट चेक केलाय. कुठ्ठेही बर्फ नसणार. काही होणार नाही अवनी. शब्द देतो."

अवनीने लाडवांचा डबा काढला. "बरं," म्हणाली. "हेंककाकांना चार लाडू देऊन येते. सायकलची सीटही त्यांच्याकडून खाली करून घेते." आणि गेली.

राजस सोफ्यावर टेकला. आपण शब्द दिला आणि बायको लाडू वाटायला गेली. यापेक्षा माणसाला काय हवं?

आता कुमुदिनीबाईंचं. कराडला त्यांनी एक दिवस दारात सडा-रांगोळी चुकवली नव्हती. इथे मात्र येऊन बसल्या त्या बसल्याच. "देवच रोज सडा घालतोय," म्हणायच्या, "माणसाला कामच ठेवलं नाही." आणि नेमका सोमवार कोरडा उजाडला. उणे सात. आकाश लख्ख. सून पहिल्या दिवशी कामाला निघालेली आणि दार कोरडं ठणठणीत! हे काही बरं दिसेना. त्यांनी बादलीभर पाणी घेतलं. कोमट घेतलं, फरशीला गार लागू नये म्हणून. दारापासून फुटपाथपर्यंत ऐसपैस सडा घातला. शेजाऱ्याचं दार कोरडं ठेवणं बरं नाही, म्हणून हेंककाकांकडेही घातला. वर आठ पाकळ्यांचं कमळ काढलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा हलकासा हबका मारला.

मग आत येऊन सुनेसाठी दही-साखर कालवायला लागल्या.

राजस आधी सायकल घेऊन बाहेर पडला. रांगोळी बघून तो हरखला. काय चमकत होती! अगदी काचेखाली ठेवल्यासारखी. वस्तू का मोडते हे शोधणं त्याचं कामच असल्यामुळे काच कुठून आली हे त्याच्या क्षणात लक्षात आलं. पण तोवर डावा पाय पुढे निघून गेला होता. उजवा त्याला शोधायला गेला. राजस बसला आणि बसल्या बसल्या कमळावरून सरकत हेंककाकांच्या कचऱ्याच्या डब्याला जाऊन भिडला. सायकल मागून आली.

अख्ख्या शहरात मीठ पडलं होतं. बर्फ फक्त राजसच्या दारात होता.

"अरे, रांगोळी विस्कटलीस!" दारातून कुमुदिनीबाई.

"आई... पाणी... कुणी..."

"मग काय, कोरड्या दारातून पाठवू तिला?"

राजसला त्या पूर्ण दिसत नव्हत्या. सायकल छातीवर होती. त्याला दिसत होता अवनीचा डावा हात, चहाच्या कपावर थांबलेला. आता ती बाहेर येणार. त्याच्या शब्दावर विसंबून.

"अवनी!" तो जीव खाऊन ओरडला. "बाहेर येऊ नकोस! थांब! मी चुकलो!"

उत्तरादाखल मोहरी तडतडली.

अवनी सायकलवर बसून दारातून बाहेर आली. कमळावरून, बर्फावरून, मध्येच कुठेही न डगमगता, खर्रर्र करत सरळ त्याच्यापाशी येऊन थांबली.

"फार लागलं का रे?"

राजस तिच्या चाकांकडे बघत राहिला. "हे... हे माझे टायर..."

"हो. हेंककाकांनी बसवून दिले काल. तू म्हणालास ना 'काही होणार नाही, शब्द देतो', तशी लगेच गेले."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नाही."

"असं कसं? पूर्ण विश्वास आहे. तू नाही म्हणालास की होतंच."

"आणि ऑफिसात आवाज?"

"आवाज परवडला रे. मनगट नाही." मग जरा वाकून, मायेने म्हणाली, "टायर मात्र एक नंबर आहेत. अभ्यास चांगला केलायस." परत दाराशी जाऊन सासूबाईंच्या हातून दही खाल्लं, आणि गेली. डावा हात हॅंडलवर घट्ट होता, हे राजसने खालून नीट बघून घेतलं.

एवढ्यात हेंककाकांनी दार उघडलं. समोरचा बर्फ बघितला. त्यांचे डोळे भरून आले. आत गेले आणि स्केट्स घालून आले. आपल्या दारापासून राजसच्या दारापर्यंत गेले, वळले, परत आले. वाटेत राजस होता, त्याला दोन्ही वेळा व्यवस्थित वळसा घातला. मग कुमुदिनीबाईंचे हात हातात घेऊन डचमध्ये पुष्कळ बोलले.

"काय म्हणतायत रे?"

"उद्या पूर्ण गल्लीला घालाल का, विचारतायत," राजसने जमिनीवरून भाषांतर केलं.

"घालीन की. बादली मोठी लागेल म्हणावं."

डॉक्टरांनी तपासलं. माकडहाडाला मुका मार. पॅरासिटॅमॉल घ्या आणि मध्ये भोक असलेल्या गोल वस्तूवर बसा. दुपारी पाऊस आला आणि बर्फ वाहून गेला. हेंककाकांनी स्केट्स पुसून टांगले. पुरावा म्हणून फक्त राजस उरला.

संध्याकाळी अवनी हसत घरी आली. ऑफिस छान, माणसं छान. राजस खुर्चीत अवघडून बसला होता. खाली सायकलची जुनी ट्यूब, दुहेरी वळसा देऊन, हवा भरून.

"हे रे काय?"

"ट्यूब. मीच निवडली होती दोन वर्षांपूर्वी, सगळी तुलना करून," राजस म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी जान आली होती. "दणकट आहे. काही होणार नाही."

अवनी आणि कुमुदिनीबाईंनी एकमेकींकडे बघितलं. मग अवनी आत गेली, पलंगावरची जाड उशी घेऊन आली आणि ती हातात धरून खुर्चीशेजारी शांतपणे उभी राहिली.

तिला फार वेळ उभं राहावं लागलं नाही.