गाडी हवा ओढते

गाडी वेळीच गॅरेजात टाकली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जयराज कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात क्लार्क होता. वीस वर्षं तिथं वावरल्यावर थोडंफार इंजिनिअरिंग आपल्यातही मुरलं असणार, असा त्याचा प्रामाणिक समज होता. (टेबल परीक्षा विभागात होतं. तिथं मुरायला फक्त पाकिटं चिकटवायची खळ होती.)

"मीच बघतो," तो बायकोला, संयोगिताला, म्हणाला.

दुखणं असं होतं. सकाळी गार गाडी सुरू केली की एकदम शहाणी. इंजिन तापलं आणि गाडी कुठं उभी राहिली, की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि मनात आलं तर बंद पडायची. जयराजनं मोबाइलवर व्हिडिओ बघून आधी प्लग बदलले. मग एअर फिल्टर. मग इंजिनात हवा सोडणारी झडप काढून धुतली. प्रत्येक दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळीआधी, तो गाडी सुरू करून बघायचा. ती झकास चालायची, आणि तो घरात येऊन सांगायचा, "झाली." तापल्यावर आजारी पडणारी गाडी गार असताना तपासून उपयोग नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या "झाली"नंतरच्या रविवारी संयोगिताच्या भावाचा कराडात साखरपुडा होता. मुहूर्त साडेबाराचा. सासू-सासऱ्यांना फलटणजवळच्या गावातून आणायचं काम जयराजनं आपण होऊन अंगावर घेतलं. शनिवारी संयोगिताला घेऊन जाताना रस्ता मोकळा मिळाला, गाडी कुठं थांबलीच नाही, म्हणून काही कळलं नाही. रविवारी सकाळी सगळे निघाले. नवरीच्या बोटात घालायची अंगठी सासूबाईंच्या, हरणाबाईंच्या, बटव्यात होती.

निम्म्या वाटेत उसाची एक ट्रॉली रस्त्यात कलंडली होती. मागं वाहनांची ही लांब रांग. गाडी थांबली आणि थरथरायला लागली. मागच्या सीटवर सासऱ्यांची, भाऊसोंची, टोपी डोळ्यांवर आली. मग इंजिन गचकलं आणि बंद पडलं. सुरू केलं, पुन्हा बंद. असं चार वेळा झालं.

"इंजन खोला," भाऊसो म्हणाले. त्यांनी फौजेत सतरा वर्षं काढली होती, पण ती भटारखान्यात.

जयराजनं बॉनेट उघडलं आणि गंभीरपणे आत पाहिलं. "कॉम्प्रेशनचा प्रॉब्लेम दिसतोय."

"म्हणजे काय?" संयोगितानं विचारलं.

"तेच बघतोय."

तेवढ्यात हरणाबाई पदर खोचून खाली उतरल्या. "पाव्हणं, चालू करा. जरा रेस द्या आन् सोडा."

जयराजनं रेस दिली, सोडली. हरणाबाई बॉनेटशेजारी डोळे मिटून उभ्या होत्या.

"हवा वडतंय," त्या म्हणाल्या.

"काय, मामी?"

"हवा. हिरीवरच्या पंपाचा पायप चिरला की त्यो पान्याबरुबर हवाबी वडतोय. तवा असंच गचकं खातंय."

विहिरीवरचा पंप वेगळा आणि पेट्रोलची गाडी वेगळी, हे समजावून सांगायला जयराजनं तोंड उघडलं होतं. पण हरणाबाईंनी पाण्याची बाटली मागून घेतली. करंगळीएवढी धार धरून त्या एकेका रबरी पाइपवर पाणी सोडत गेल्या. पहिल्यावर काही झालं नाही. दुसऱ्यावरही नाही. तिसरा पाइप मागं, वळणात दडलेला होता. त्यावर धार पडली आणि थरथर थांबली. रडणारं पोर पदराखाली घेतल्यावर गप्प व्हावं, तसं इंजिन शांतपणे चालू राहिलं. पाणी ओसरलं, पुन्हा थरथर. पुन्हा धार, पुन्हा शांत.

मागचे हॉर्न जयराजला ऐकू येईनासे झाले. त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला.

"हितं चीर हाय, खालनं," पाइपखाली बोट फिरवत हरणाबाई म्हणाल्या. "गार हाय तवर मिटलेली ऱ्हातीया. रबर तापून मऊ झालं की तोंड उघडतंय."

जयराजनं वाकून पाहिलं. नखाएवढी चीर. तो पाइप त्यानं तीनदा फडक्यानं पुसला होता.

इंजिन बंद करून जरा निवू दिलं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून हरणाबाईंनी जुन्या ट्यूबची एक पट्टी मागून आणली आणि ताणून ताणून वेढे दिले. सत्तरीची ती बोटं एकदाही चुकली नाहीत. जयराजनं किल्ली फिरवली आणि वाट पाहत बसला. थरथर नाही, आवाज नाही. बंद पडली वाटून त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. कर्रर्र झालं.

"पाव्हणं, चालू हाय," हरणाबाई म्हणाल्या.

रांग हलली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी कालिजात इंजानाचं शिकिवता न्हवं?"

"नाही मामी. हॉलतिकिटं देतो."

"हां," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसलं.

"मामा, मामींना हे येतं, तुम्ही कधी बोलला नाहीत," जयराज म्हणाला.

भाऊसोंनी डोळ्यांवरची टोपी मागं सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "सतरा वर्सं मी रजेवर यायचो, तवा तवा हिरीवरचं इंजान चालूच आसायचं. मला वाटायचं, कंपनी चांगली हाय."

पुढं कराड येईपर्यंत गाडी एकदाही गचकली नाही. जयराज आरशातून अधूनमधून मागं बघत होता. हरणाबाईंना डुलकी लागली होती. अंगठी वेळेवर बोटात गेली.

सोमवारी जयराज गाडी घेऊन तानाजी मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. तानाजीनं पट्टी ओढून पाहिली, मग जवळ वाकून पाहिली.

"कुनी बांधली ही?"

"सासूबाईंनी."

तानाजीनं हात फडक्याला पुसले. "नवा पायप येईस्तवर हिला हात लावायचं काम न्हाई," तो म्हणाला. "तुमी काय काय खोललं हुतं, तेवढं दावा."