बर्फगाडीला ठिणगी मिळेना

गॅरेज आज रिकामं झालंच पाहिजे, हे सुमेधाने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं. ती चिडून बोलली असती तर गिरीशला फारसं काही वाटलं नसतं. पण ती शांत होती, म्हणजे निर्णय झालेला होता.

"ॲडमध्ये मी वर्किंग कंडिशन लिहिलंय. चार वाजता माणूस येतोय बघायला. त्याच्याआधी सुरू कर."

"आणि सुरू झाली तर ठेवूया ना?"

"सुरू झाली तर विकणार. नाही झाली तर भंगारात."

विषय होता गिरीशच्या जुन्या स्नोमोबाईलचा. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, हँडल स्कूटरसारखं आणि वय जवळजवळ गिरीशएवढं. ग्लासगोत बर्फ पडतो तो फोटो काढेपर्यंतही टिकत नाही, आणि ही गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. तरी ऑनलाइन लिलावात ती दिसली आणि गिरीशला राहवलं नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांकडून कामं करून घेणाऱ्या माणसालाही, हाताला ग्रीस लागेल अशी एखादी वस्तू आपली असावी असं वाटतं. त्याला ही गाडी मनापासून आवडली होती.

लिलाववाल्याने ती सुरू करून दाखवली होती. घरी आल्यावर अर्थातच आधी पूजा. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि दृष्ट लागू नये म्हणून हँडलला लिंबू-मिरची आली. ती गळून पडू नये म्हणून गिरीशने लाल धाग्याचे वेढ्यांवर वेढे देऊन ती करकचून आवळली. त्यानंतर इंजिन सुरू करायची दोरी ओढली, तर इंजिन ढिम्म. तेव्हापासून गाडी जी बसली ती बसलीच.

मग रविवारच्या बैठका सुरू झाल्या. अजय भूलतज्ज्ञ होता. लोकांना झोपवण्यात निष्णात, त्यामुळे जागं करण्याचं कामही आपलंच असं त्याला वाटे. अवधूत नागपूरचा, विमा कंपनीत धोके मोजणारा. गिरीशने पहिल्याच दिवशी दोघांना बजावलं होतं, "कुणी डायरेक्ट स्पॅनर उचलायचा नाही. आधी प्रॉब्लेम स्टेटमेंटवर अलाइन होऊ."

अलाइन व्हायला दोन रविवार गेले. शेवटी प्लग काढून इंजिनच्या धातूला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी दिसेना.

"पल्स नाहीये," अजय गंभीरपणे म्हणाला.

नवा प्लग आणला, ठिणगी नाही. कॉइल बदलली, ठिणगी नाही. ठिणगी पाडणारे पॉइंट्स घासले, मग ते जास्त घासले गेले म्हणून नवे मागवले. ठिणगीचा आणि पेट्रोलचा काही संबंध नसताना, केवळ मनाचं समाधान म्हणून पेट्रोलही बदललं. दर रविवारी चहा-भजी होऊन तपास चालू असल्याचं ठरे, आणि तिघेही काहीच न जमल्याच्या समाधानात घरी जात.

आजचा रविवार मात्र शेवटचा होता. तिघेही इंजिनाभोवती उभे होते तेवढ्यात सुमेधा फोन आणि कात्री घेऊन आली.

"त्या माणसाला अजून एक फोटो हवाय. हे वाळकं लिंबू कशाला त्यात?"

"अगं, दृष्ट..."

"हिला कुणाची दृष्ट लागणार आहे?" असं म्हणून तिने धागे कापले. त्याबरोबर त्यांच्याखाली दबलेलं एक लाल बटण टक् करून वर आलं.

ते इंजिन बंद करायचं बटण होतं. गिरीशने दोरी ओढली आणि इंजिन असं गरजलं की शेजाऱ्यांचं मांजर कुंपणावरून उतरलं. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग इंजिन बंद केलं आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना.

"काहून सुरू केली बे?" अवधूत हळूच म्हणाला. "आता आपण रविवारी काय करायचं?"

गिरीशने मनातल्या मनात हिशेब केला. चालती गाडी म्हणजे गेलेली गाडी. बंद असती तर गिऱ्हाईक परत गेलं असतं, आणि भंगारवाला बोलवेपर्यंत आणखी दोनचार रविवार तरी पदरात पडले असते. सगळे आत गेल्यावर त्याने ठिणगीची तार प्लगला जोडणारी टोपी हळूच उपसून ठेवली.

चार वाजता मर्डो नावाचा म्हातारा व्हॅन घेऊन डोंगराळ भागातून आला. त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. इंजिन गप्प.

"ठिणगी नाही?" त्याने विचारलं.

"नाही ना," गिरीश शक्य तितका दुःखी चेहरा करून म्हणाला.

मर्डोचा चेहरा उजळला. घरी दोन गाड्या आहेत, त्याने सांगितलं, पण मेल्या दोन्ही चालतात. त्या सुरू झाल्यापासून बायको बागेत तण काढायला लावते. जाहिरातीत 'वर्किंग' लिहिलेल्या गाड्या सहसा चालत नाहीत, या आशेवर तो आला होता; अशीच गाडी हवी होती. त्याने व्हॅनची फळी खाली टाकलीसुद्धा.

लाज गुंडाळून ठेवून गिरीश वाकला, टोपी दाबून बसवली आणि दोरी ओढली. इंजिन गरजलं.

"चालते की," मर्डो कुणी गेल्याचं कळल्यासारखा म्हणाला. चहा घेऊन तो रिकामी व्हॅन घेऊन निघून गेला. टोपी कुठे बसते ते सुमेधाने बघून ठेवलं.

दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी राहिली. पण चालत्या गाडीपाशी कोण येतं? पुढच्या रविवारी अजय आणि अवधूत फिरकले नाहीत. गिरीश दिवसभर घरातच होता. सकाळीच त्याने मसाल्याच्या बरण्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावल्या. मग सुमेधाच्या मागे उभं राहून, कांदा चिरण्याच्या प्रोसेसमध्ये वेळ कुठे वाया जातो ते तिला सांगितलं. फोडणी देताना तिला हळद सापडेना, तेव्हा ती हळद 'टर्मरिक'च्या 'टी'खाली आहे हेही त्याने समजावलं.

सुमेधाने गॅस बंद केला आणि गॅरेजमध्ये जाऊन आली.

"गिरीश, तुझी गाडी सुरू होत नाहीये बघ. अजय-अवधूतला बोलावून घे. मी भजी करते."

तिच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. गिरीशने ते पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच कारण न विचारता तो मुकाट्याने फोन शोधायला लागला.