तिसऱ्याची झिरिका

केस कापायच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळा रस्ता 'तिसऱ्या' म्हणायचा. शाळेत एकाच वर्गात एकाच नावाची तीन पोरं होती, त्यातला हा तिसरा. ते बिरूद लग्नानंतरही सुटलं नाही. म्हणून बायकोला दिवस गेल्यावर त्याने छातीठोकपणे जाहीर केलं, "आपल्या लेकराचं नाव जगात दुसऱ्या कुणाचं नसेल. त्याला कुणी नंबराने हाक मारलेली मला खपायची नाही."

एकदा गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवताना झिर्र झालं आणि नाव सुचलं. मुलगी झाली तर झिरिका!

"गोड आहे हो," बायको म्हणाली. "पण बाळ होईपर्यंत तोंडाला कुलूप लावा."

आता याची कात्री चालली की जीभही चालायची, त्याला तो तरी काय करणार? दुसऱ्याच दिवशी टपालवाला खुर्चीत बसला आणि कुलूप निघालं.

"झिरिका म्हणजे काय रे?"

मशीनचा आवाज, असं सांगणं काही बरं दिसेना. "पानावरचा दवबिंदू. फार जुना शब्द आहे."

संध्याकाळी बेकरीवाला दाढीला आला, तोवर दव वाळलं होतं. "झिरिका म्हणजे लढाईवर निघालेली राजकन्या," तिसऱ्याने ठोकून दिलं. त्या दोघांच्याही घरी पाळणा हलायचा होता, हे स्वारीच्या गावीही नव्हतं.

यथावकाश मुलगी झाली. वर्षाची झाल्यावर तिला कडेवर घेऊन नवराबायको पाळणाघरात गेले. आत दोन बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या.

"अहो, दवबिंदूच! आमच्या यांनी नीट विचारून ठेवलंय."

"राजकन्या! आमचे हे काय खोटं बोलतात?"

पाळणाघरातल्या मावशी वैतागून तिसऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बसा जरा. या दोघींच्या झिरिकांनी डोकं उठवलंय. एकीला हाक मारली की दोघी रांगत येतात. बरं, तुमच्या छकुलीचं नाव काय?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिसऱ्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. शेवटी बायकोनेच नाव सांगितलं.

मावशींनी कपाळावर हात मारला. "मग हिला आपली तिसरी म्हणू. चालेल ना?"

बायकोने नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं.

"चालेल की," ती म्हणाली. "बापाच्या वळणावर गेलीय."